घरचा व्हेज बर्गर: सगळ्या घरासाठी एकच टिक्की

थोडक्यात
• बर्गर घरी केला की टिक्कीत काय घालायचे, तेल किती आणि मीठ किती हे तुमच्या हातात राहते.
• बटाट्याऐवजी मसूर किंवा हरभरा हा टिक्कीचा पाया ठेवला, तर प्रथिने आणि तंतू दोन्ही वाढतात.
• टिक्की तळायची गरज नाही. तव्यावर एका टिक्कीला अर्धा चमचा तेल पुरते.
• मधुमेह, रक्तदाब, किडनीचा विकार किंवा गव्हाची असहनीयता असेल, तर याच कृतीत छोटे बदल करावे लागतात. ते पुढे दिले आहेत.

बर्गरबद्दल डॉक्टरांनी का लिहावे?

दवाखान्यात एका घराच्या दोन तक्रारी मी नेहमी ऐकतो. आई म्हणते, “मुलगा पोळी-भाजीला हात लावत नाही, बर्गर म्हटले की धावत येतो.” त्याच घरातले आजोबा म्हणतात, “साखर निघाल्यापासून माझे ताट वेगळे झाले. सगळे एकीकडे खातात, मी एकीकडे.”

पहिल्या तक्रारीकडे घरचे लक्ष देतात. दुसरी तक्रार बहुतेक वेळा हसण्यावारी जाते. माझ्या अनुभवात पथ्य मोडण्याचे मोठे कारण तिथेच असते. ज्याचे जेवण वेगळे शिजते, तो माणूस महिना-दोन महिने नेटाने पथ्य पाळतो. मग रविवारी सगळ्यांबरोबर दोन वडापाव खातो आणि ते कुणालाच सांगत नाही. पुढच्या तपासणीत साखर वाढलेली दिसते.

म्हणून या लेखात वेगळा “पेशंटचा पदार्थ” दिलेला नाही. नातू आणि आजोबा एकाच तव्यावरून खाऊ शकतील अशी टिक्की दिली आहे. फरक असेल तो फक्त पावाचा, चटणीचा आणि प्रमाणाचा.

वडापाव आणि बर्गर: अडचण नेमकी कुठे आहे?

पावात काहीतरी घालून खाणे आपल्याला नवे नाही. मुंबईत दादर स्थानकाबाहेर १९६० च्या दशकात अशोक वैद्य यांच्या गाडीवर वडापाव सुरू झाला असे मानले जाते. आज लोणावळ्यात पावसाळ्यात भुशी धरणाकडे किंवा टायगर पॉइंटला गेलात तर गरम वडा, कांदाभजी आणि पाव हेच आधी समोर येते. कधीतरी खायला त्यात काही गैर नाही.

अडचण रोजच्या किंवा दर आठवड्याच्या सवयीची आहे. बाजारातल्या साध्या व्हेज बर्गरची टिक्की बहुधा बटाट्याची असते. उकडलेल्या १०० ग्रॅम बटाट्यात प्रथिने जेमतेम २ ग्रॅम असतात, बाकी मुख्यतः पाणी आणि पिष्ट. बाहेरचा पाव मैद्याचा, म्हणजे तोही पिष्टच. त्यावर तळणीचे तेल, मेयोनीज आणि गोड सॉस. पोट भरते, पण साखर लवकर वाढते आणि थोड्या वेळाने पुन्हा भूक लागते.

याउलट १०० ग्रॅम कोरड्या मसुरात सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात. निरोगी प्रौढ माणसाला दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलोच्या माणसाला हे प्रमाण साधारण ५० ग्रॅम होते. शाकाहारी घरात, त्यातही वयस्कर माणसांच्या ताटात, ते अनेकदा पुरे होत नाही. टिक्कीचा पाया बदलला तर त्यातला काही भाग सहज भरून निघतो.

साहित्य (८ टिक्क्यांसाठी)

वाटी म्हणजे १५० मिलीची घरातली आमटीची वाटी, आणि चमचा म्हणजे चहाचा ५ मिलीचा चमचा धरा.

• अख्खा मसूर: १ वाटी (कोरडा)
• शिजवलेला इंद्रायणी भात: अर्धी वाटी
• गाजर: १ मध्यम, किसून
• कोबी किंवा फरसबी: अर्धी वाटी, अगदी बारीक चिरून
• मटार: अर्धी वाटी, वाफवून
• कांदा: १ मध्यम, बारीक चिरून
• कोरडे भाजलेले बेसन: साधारण ५ चमचे
• शेंगदाण्याचे कूट: साधारण ५ चमचे
• आले, लसूण, हिरवी मिरची यांचे वाटण: २ चमचे
• धणे-जिरे पूड: २ चमचे, हळद पाव चमचा
• कोथिंबीर मूठभर, लिंबू अर्धे
• मीठ: सपाट पाऊण चमचा
• तेल: ४ चमचे, सगळ्या टिक्क्या भाजण्यासाठी मिळून

मावळात भात निघाल्यावर जमिनीतल्या ओलाव्यावर हरभरा, मसूर, वाल ही कडधान्ये घेतली जातात. घरचा मसूर असेल तर तोच वापरा. मसुराऐवजी हरभरा, छोले, मूग किंवा चवळीही चालते.

इंद्रायणीच का? हा तांदूळ वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेला आहे आणि शिजल्यावर चिकट होतो. मोकळ्या भातासाठी हा दोष असेल, पण टिक्की बांधून ठेवायला त्याचाच उपयोग होतो. त्यामुळे पावाचा चुरा किंवा मैदा लागत नाही.

कृती

१. मसूर ६ ते ८ तास भिजत घाला. भिजवलेले पाणी टाकून द्या आणि मसूर धुऊन घ्या.

२. बुडेल इतक्याच पाण्यात कुकरला दोन-तीन शिट्ट्या करा. मसूर बोटाने दाबला की चेपला पाहिजे, पण त्याचा लगदा व्हायला नको.

३. मसूर चाळणीवर १५ मिनिटे निथळू द्या. ही पायरी टाळू नका. खाली आलेले पाणी आमटीत किंवा सारात वापरा.

४. गाजर आणि कोबी हाताने घट्ट पिळून घ्या. कांदा अर्धा चमचा तेलावर परतून थंड करा. हे तेल वरच्या ४ चमच्यांतलेच घ्या.

५. मसूर आणि भात पावभाजीच्या मॅशरने किंवा वाटीच्या बुडाने जाडसर चेपा. मिक्सरमध्ये फिरवू नका, पीठ चिकट होते.

६. उरलेले सगळे साहित्य घालून मळा. गोळा हाताला लागत असेल तर आणखी एक-दोन चमचे भाजलेले बेसन घाला. पाणी घालू नका.

७. मिश्रण अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. मग ८ सारखे भाग करून बोटभर जाडीच्या टिक्क्या थापा. एक टिक्की साधारण ८० ग्रॅमची होते.

८. बिडाचा किंवा लोखंडी तवा मध्यम आचेवर तापवा. तेल ब्रशने किंवा कांद्याच्या फोडीने पसरवा. एक बाजू ४ ते ५ मिनिटे न हलवता भाजा, मगच उलटा.

टिक्की फुटत असेल तर

कारण बहुतेक वेळा पाणी हेच असते. मसूर नीट निथळला नाही, भाज्या पिळल्या नाहीत किंवा तवा पुरेसा तापण्याआधी टिक्की टाकली. तेल वाढवून टिक्की सावरत नाही. मिश्रण पुन्हा फ्रीजमध्ये ठेवा आणि थोडे भाजलेले बेसन मिसळा.

वर काय लावायचे?

मेयोनीजऐवजी दह्याचा चक्का वापरा. दही फडक्यात तासभर टांगा, त्यात पुदिना-कोथिंबिरीची चटणी आणि थोडी लसूण मिसळा. घरचे मेयोनीज कच्च्या अंड्याचे असेल तर गरोदर स्त्रिया, लहान मुले, वयस्कर आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांनी ते टाळावे.

टोमॅटो, काकडी, कांदा आणि बीटाचे काप भरपूर घाला. बाजारचा सॉस लावायचाच असेल तर एक चमचा पुरे. त्यात मीठ आणि साखर दोन्ही असतात.

एका बर्गरमध्ये काय मिळते?

वरच्या प्रमाणाने एका टिक्कीत अंदाजे १२० ते १३० कॅलरी आणि ५ ते ६ ग्रॅम प्रथिने असतात. ४० ग्रॅमचा एक पाव, टिक्की आणि दह्याची चटणी मिळून साधारण २५० ते २८० कॅलरी, ९ ते १० ग्रॅम प्रथिने आणि ४० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके होतात. हे आकडे घरच्या वाटीवर अवलंबून आहेत, त्यामुळे थोडे कमी-जास्त होणारच.

पावाबद्दल एक सूचना. “ब्राऊन” किंवा “मल्टीग्रेन” लिहिले म्हणजे पाव आख्ख्या धान्याचा असतोच असे नाही. रंग कॅरॅमलनेही येतो. पाकिटामागची घटकांची यादी वाचा. पहिला घटक मैदा असेल तर तो मैद्याचाच पाव आहे. पाव भाजताना वनस्पती तूप किंवा मार्गारिन वापरू नका, कोरडा भाजा.

आजारानुसार काय बदलायचे?

मधुमेह

एका वेळी एकच बर्गर घ्या. आधी वाटीभर कोशिंबीर खा, मग बर्गर. पावाचा फक्त खालचा अर्धा भाग घेऊन त्यावर टिक्की ठेवली तर कर्बोदके साधारण १० ग्रॅमने कमी होतात. पावाऐवजी ज्वारीची किंवा नाचणीची छोटी भाकरी चालेल, पण तीही मोजूनच. सोबत थंड पेय किंवा फळांचा रस नको, ताक घ्या.

तुम्हाला किती मानवते हे तुमचे ग्लुकोमीटर सांगेल. खाण्याआधी आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी साखर मोजा, लिहून ठेवा आणि पुढच्या भेटीत ती वही डॉक्टरांना दाखवा. गोळी किंवा इन्सुलिनचा डोस मनाने बदलू नका. इन्सुलिन घेऊन टिक्क्या भाजायला उभे राहू नका. आधी सगळी तयारी करा.

घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे ही साखर कमी झाल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी बर्गर देऊ नका. त्यातले तेल आणि तंतू यांमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, कमीच असेल तर पुन्हा तेवढीच साखर द्या. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

उच्च रक्तदाब आणि हृदयविकार

दिवसभराचे मीठ सगळे मिळून ५ ग्रॅमच्या आत असावे, म्हणजे साधारण एक सपाट चमचा. वरच्या कृतीत एका टिक्कीत सुमारे अर्धा ग्रॅम मीठ येते, पावात आणखी तितकेच. म्हणून वरून चाट मसाला, लोणचे, चीज स्लाइस नको. तयार मसाल्यात मीठ असते, तो घातला तर वेगळे मीठ कमी करा. सैंधव किंवा काळे मीठ हाही शेवटी मीठच आहे.

“कमी सोडियम”च्या मिठात पोटॅशियम असते. किडनीचा विकार असेल किंवा रक्तदाबाची काही ठराविक औषधे चालू असतील तर ते धोक्याचे ठरू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.

किडनीचा विकार

क्रिएटिनिन वाढलेले असेल तर डाळी, टोमॅटो, शेंगदाणे यांचे प्रमाण तुमच्या पोटॅशियमच्या अहवालावर ठरते. ही कृती जशीच्या तशी वापरू नका. ती लिहून किंवा फोनवर दाखवून तुमच्या डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना विचारा. डायलिसिस सुरू असलेल्या आणि नसलेल्या रुग्णांची प्रथिनांची गरज वेगळी असते, त्यामुळे शेजाऱ्याचे पथ्य तुम्हाला लागू पडत नाही.

गव्हाची असहनीयता (सिलिअॅक)

टिक्कीत गहू नाही, पण हिंग घालायची सवय असेल तर थांबा. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते. पावाऐवजी तांदळाची भाकरी घ्या. बेसन घरी दळून आणलेले असेल तर गिरणीत आधी गहू दळला होता का हे विचारा. तवा आणि उलथने वेगळे ठेवा.

रक्तक्षय, थायरॉइड आणि बी-१२

मसुरात लोह असते. ते अंगी लागावे म्हणून लिंबू पिळा आणि जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा टाळा. टिक्कीत सोया घालत असाल तर थायरॉइडची गोळी त्याच्या जवळपास घेऊ नका. ती सकाळी उपाशीपोटीच घ्या. बी-१२ जीवनसत्त्व मात्र या टिक्कीतून मिळत नाही. शाकाहारी असून मेटफॉर्मिन बरीच वर्षे चालू असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, तर बी-१२ तपासून घ्या.

लहान मुले आणि वयस्कर

पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा बर्गर हातात देऊ नका, लहान तुकडे करून द्या आणि बसवूनच खायला द्या. कवळी असलेल्यांना किंवा पक्षाघातानंतर गिळायला त्रास होणाऱ्यांना कोरडा पाव घशात अडकू शकतो. त्यांना टिक्की कुस्करून मऊ दहीभाताबरोबर द्या. शेंगदाण्याची अॅलर्जी असेल तर कूट वगळा, त्याऐवजी बेसन थोडे वाढवा.

पावसाळ्यात घ्यायची काळजी

लोणावळा आणि पवन मावळात पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की पाव दोन दिवसांत बुरसटतो. बुरशीचा ठिपका काढून उरलेला पाव खाऊ नका. पाव सच्छिद्र असतो, बुरशी दिसते त्याहून आत पसरलेली असते.

रात्रीचा भात ओट्यावर ठेवून सकाळी वापरायची पद्धत अनेक घरांत आहे. टिक्कीसाठी असा भात घेऊ नका. उबेत राहिलेल्या भातात काही जिवाणू विष तयार करतात आणि ते पुन्हा गरम करूनही जात नाही. भात उरला तर तासाभरात थंड करून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा.

राजमा वापरणार असाल तर तो रात्रभर भिजवा, पाणी टाका आणि कुकरमध्ये पूर्ण मऊ शिजवा. अर्धकच्च्या राजम्यातल्या नैसर्गिक विषाने काही तासांतच जोरदार उलट्या होतात.

कच्ची कोबी आणि कोथिंबीर वाहत्या पाण्यात नीट धुवा. घरात गढूळ पाणी येत असेल त्या दिवसांत बर्गरमध्ये कच्च्या भाज्यांऐवजी परतलेला कांदा आणि गाजर घाला.

भाजलेल्या टिक्क्या फ्रीजमध्ये दोन दिवस आणि डीप फ्रीजरमध्ये महिनाभर टिकतात. सहलीला नेताना टिक्की, पाव आणि चटणी वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. बाहेर काढल्यापासून दोन तासांत खा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मुलांना डाळीची टिक्की आवडली नाही तर?
पहिल्या वेळी अर्धा मसूर आणि अर्धा बटाटा घ्या. पुढच्या दोन-तीन वेळांत बटाटा कमी करत जा. टिक्क्या थापायला मुलांना बसवा. स्वतः थापलेली टिक्की मूल सहसा टाकत नाही.

डाळीने गॅस होतो, काय करू?
भिजवलेले पाणी टाका, मसूर किंवा मूग वापरा, सुरुवात एका टिक्कीने करा. दोन-तीन आठवड्यांत पोटाला सवय होते. वजन घटणे, शौचातून रक्त, सतत पोटदुखी असेल तर गॅस समजून थांबू नका, तपासून घ्या.

एअर फ्रायर हवाच का?
नको. तवा पुरेसा आहे.

आठवड्यातून किती वेळा चालेल?
वरच्या पद्धतीने केलेला बर्गर आठवड्यातून एक-दोनदा रात्रीच्या जेवणाऐवजी घ्यायला हरकत नाही. जेवणानंतर वरून नको.

डॉक्टरांकडे कधी जावे?

• खाल्ल्यानंतर वारंवार उलट्या-जुलाब होऊन पाणीही टिकत नसेल, लघवी कमी झाली असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा ताप असेल. तोपर्यंत ओआरएसचे घोट देत राहा. लहान मूल, गरोदर स्त्री आणि वयस्कर यांच्या बाबतीत वाट पाहू नका.
• खाल्ल्यावर अंगावर गांधी, ओठ सुजणे किंवा श्वास लागणे. ही अॅलर्जीची आणीबाणी असू शकते.
• जेवणानंतर छातीत जळजळ समजून दुर्लक्ष केलेले दुखणे घाम, धाप, किंवा हात-जबड्याकडे जाणाऱ्या कळेसह असेल. सोडा किंवा आम्लपित्ताची गोळी घेऊन थांबू नका. १०८ ला फोन करा आणि ईसीजीची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयात लगेच पोचा.

आता पुढच्या रविवारी एकदा करून पाहा. आजोबांसाठी अर्धा पाव, नातवासाठी अख्खा, पण टिक्की एकाच तव्यावरची. आणि आजोबांना सगळ्यांच्या पंगतीतच बसवा.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमची औषधे आणि आहार याबाबतचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.